तेरावी काउंटी

वेल्सच्या आग्नेय कोपऱ्यात, पूर्वेला वाय आणि पश्चिमेला रिम्नी या दोन नद्यांच्या मध्ये, मॉनमथशर नावाची काउंटी आहे. दक्षिणेला सेव्हर्नचे रुंद मुख, उत्तरेला डोंगर, पूर्वेला हिरवी कुरणे आणि पश्चिमेला एकेकाळी धुराने काळवंडलेली अरुंद खोरी, असा तिचा जुना पसारा. सोळाव्या शतकापासून थेट १९७४ पर्यंत या काउंटीविषयीचा एक प्रश्न सुटत नव्हता : ती इंग्लंडमध्ये मोडते की वेल्समध्ये? नकाशे छापणारे तिला कधी इंग्लंडच्या रंगात रंगवीत, कधी वेल्सच्या. पार्लमेंटने तर ‘वेल्स आणि मॉनमथशर’ असे जोडनावच रूढ केले. ती वेल्सच्या सोबत आहे, पण वेल्समध्ये आहे की नाही ते ज्याचे त्याने ठरवावे, असा त्याचा अर्थ. इंग्लिश लोक पश्चिमेकडे सरकत आले, वेल्श मागे हटले आणि मधल्या पट्ट्याची ओळख पुसट झाली, असे या प्रश्नाचे स्पष्टीकरण सर्रास दिले जाते. मला ते पटत नाही. पुरावा क्रमाने लावून पाहिला तर ही शंका लढाईतून आलेली दिसत नाही, लोकांच्या भाषेतूनही नाही. ती आली कोर्टांच्या कामाच्या वाटणीतून. एका राजाच्या कारभाऱ्यांनी सोयीसाठी केलेली ती नोंद होती. पुढे ज्यांना ज्यांना ती उपयोगी पडली त्यांनी तिला राष्ट्रीयत्वाचा दाखला म्हणून मिरवले.

सुरुवात काउंटीच्याही आधीपासून करावी लागते. रोमन सैन्य इथे पोचले तेव्हा हा मुलूख सिल्युरीज नावाच्या जमातीचा होता. रोमन इतिहासकार टॅसिटसने त्यांच्या चिवटपणाची नोंद केली आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यापासून पुढची पंचवीसेक वर्षे ते रोमनांना झुंजवत राहिले आणि सत्तरच्या दशकात फ्राँटिनस या सुभेदाराने त्यांना नमवले. त्यानंतर अस्क नदीकाठी कार्लियन येथे दुसऱ्या ऑगस्टन लीजनचा कायमचा तळ पडला. पाच हजारांवर सैनिकांचा तो तळ, त्याच्या बराकींचे पाये आणि सुमारे सहा हजार प्रेक्षक बसतील एवढे रिंगण आजही पाहता येते. पराभूत सिल्युरीजना मात्र रोमनांनी जवळच स्वतंत्र नगर वसवू दिले, ते कारवेंट. तिथल्या तटाच्या भिंती काही ठिकाणी पाच मीटरपर्यंत उभ्या आहेत. रोमन गेल्यावर याच नगराच्या नावावरून ग्वेंट हे वेल्श राज्य ओळखले जाऊ लागले. दहाव्या शतकात इंग्लंडचा राजा अ‍ॅथलस्टन याने या भागात इंग्रज आणि वेल्श यांच्यामधली हद्द म्हणून वाय नदी मुक्रर केली. म्हणजे पहिल्या बलाढ्य इंग्लिश राजाने स्वतः आखलेली रेघ या मुलखाच्या पूर्वेला होती. ग्वेंट रेघेच्या पलीकडे, वेल्समध्ये होते, आणि त्या काळात याबद्दल कोणाला संशय नव्हता.

नॉर्मनांनी हे चित्र बदलले, पण मानले जाते तसे नाही. विल्यम फिट्झऑस्बर्न या नॉर्मन सरदाराने १०६७ च्या सुमारास वायच्या काठच्या कड्यावर चेपस्टोचा किल्ला उभारायला घेतला. त्याच्या पाठोपाठ मॉनमथ, अ‍ॅबरगॅव्हेनी, अस्क असे किल्ले उठत गेले. चेपस्टोच्या दरवाजाची लाकडी दारे आजही जपून ठेवलेली आहेत. लाकडातल्या वार्षिक वलयांच्या अभ्यासावरून ती बाराव्या शतकाच्या अखेरीपूर्वीची ठरली असून युरोपातल्या किल्ल्यांची सर्वांत जुनी दारे म्हणून ती सांगितली जातात. पण किल्ले नॉर्मन सरदारांचे झाले म्हणून मुलूख इंग्लंडचा झाला नाही. सीमेवरच्या या सरदारांना ‘मार्चर लॉर्ड’ म्हणत. त्यांच्या जहागिरीत राजाचा हुकूमनामा चालत नसे. कोर्ट त्यांचे, दंड त्यांचा, फाशीही त्यांचीच. वेल्श रयतेचे खटले पुष्कळदा वेल्श रिवाजाने चालत. अंमल लंडनचा नाही आणि स्वतंत्र वेल्श राजाचाही नाही, अशी ही तिसरीच व्यवस्था होती. ती जवळजवळ साडेचारशे वर्षे टिकली.

या काळात इथले लोक कोण होते, याची साक्ष जेराल्ड ऑफ वेल्स हा इतिवृत्तकार देतो. बाराव्या शतकाच्या शेवटी लिहिताना त्याने ग्वेंटच्या धनुर्धाऱ्यांना वेल्समध्ये सर्वांत वरचे स्थान दिले आहे. अ‍ॅबरगॅव्हेनीचा नॉर्मन सरदार विल्यम द ब्रेओस याने ११७५ मध्ये वेल्श प्रमुखांना मेजवानीला बोलावून किल्ल्यात ठार मारले. काही वर्षांनी त्यांच्या वारसांनी किल्ल्यावर हल्ला करून सूड उगवला. त्या हल्ल्यात सुटलेले बाण जवळजवळ तळहाताच्या रुंदीइतक्या जाड ओक लाकडाच्या दारातून आरपार गेले आणि त्यांची पाती दारातच ठेवून दिली होती, असे जेराल्ड सांगतो. १४०५ मध्ये वेल्श पुढारी ओवेन ग्लिनडूरचे बंड याच मुलखात पेटले होते. अस्कजवळच्या लढाईत त्याचा भाऊ मारला गेला आणि मुलगा कैद झाला. ग्लिनडूरच्या विरुद्ध बाजूला इंग्लंडच्या गादीचा वारस होता, पुढे पाचवा हेन्री म्हणून गाजलेला राजपुत्र. तो जन्मला होता मॉनमथच्या किल्ल्यात. एकाच मुलखात इंग्लंडचा राजा जन्मावा आणि इंग्लंडविरुद्धचे बंडही पेटावे, यात विसंगती काही नव्हती. किल्ल्याच्या आतले जग सरदारांचे होते, बाहेरचे वेल्श रयतेचे, आणि कोणत्याही एका राष्ट्राचा शिक्का दोन्हींवर बसलेला नव्हता.

आता कारभाऱ्यांच्या त्या नोंदीकडे येऊ. आठव्या हेन्रीच्या कारभाऱ्यांना मार्चर जहागिऱ्या खुपत होत्या. एका जहागिरीत गुन्हा करून दुसरीत पळून गेलेल्याला धरता येत नसे. म्हणून १५३६ च्या कायद्याने या जहागिऱ्या मोडून पाच नव्या काउंट्या पाडल्या : मॉनमथ, ब्रेकनॉक, रॅडनॉर, माँटगोमरी आणि डेनबी. या जहागिऱ्या वेल्स देशातल्या आहेत असे तो कायदा स्वतःच म्हणतो. मॉनमथशर जन्मली ती अशी, वेल्सच्या अंगातून, चार वेल्श भावंडांबरोबर. पण त्याच कायद्यात दोन बाबतींत तिला वेगळी वागणूक मिळाली. इतर वेल्श काउंट्यांना पार्लमेंटमध्ये एकेक काउंटी-प्रतिनिधी मिळाला, मॉनमथशरला इंग्लिश काउंट्यांप्रमाणे दोन. आणि ब्रेकनॉक, रॅडनॉरचे महसुली व न्यायालयीन दप्तर ब्रेकनला आणि माँटगोमरी, डेनबीचे डेनबीला ठेवले गेले, तर मॉनमथशर थेट लंडनला, वेस्टमिन्स्टरच्या कोर्टांना जोडली गेली. पाच नव्या काउंट्यांत लंडनला सर्वांत जवळची हीच होती.

निर्णायक गोष्ट घडली काही वर्षांनी, १५४२-४३ च्या दुसऱ्या कायद्यात. या कायद्याने वेल्ससाठी ‘ग्रेट सेशन्स’ नावाची स्वतंत्र फिरती न्यायालये स्थापली. त्यांची चार मंडळे केली आणि प्रत्येक मंडळाकडे तीन काउंट्या सोपवल्या. चार त्रिक बारा. मॉनमथशर तेरावी पडत होती. शिवाय तिची दप्तरे आधीच वेस्टमिन्स्टरला लागलेली होती. तिला या वाटणीतून वगळले गेले आणि पुढे ऑक्सफर्डच्या इंग्लिश न्याय-मंडळाला जोडले गेले. वर्षातून ठरावीक वेळी इंग्लिश न्यायाधीश घोड्यावरून यायचे, मॉनमथला खटले चालवायचे आणि पुढच्या गावाला जायचे. एवढाच बदल झाला. ही काउंटी इंग्लंडला देण्यात येत आहे असे कुठल्याही कायद्यात लिहिलेले नाही. मात्र कायद्याने वेल्सच्या बारा काउंट्यांची यादी दिली होती आणि यादीत मॉनमथशरचे नाव नव्हते. पुढच्या पिढ्यांतल्या वकिलांनी आणि नकाशाकारांनी या यादीतून निष्कर्ष काढला : जी बारांत नाही ती वेल्समध्ये नाही. तर्क म्हणून तो कच्चा आहे. न्यायालयांच्या मंडळांची यादी ही देशाच्या हद्दीची व्याख्या नसते. पण छापील यादी हाताशी असते आणि जमिनीवरचे वास्तव प्रत्यक्ष जाऊन पाहावे लागते. त्यामुळे यादी जिंकली.

जमिनीवर काय चालले होते? न्यायाधीश ऑक्सफर्ड मंडळातून येत असले तरी बहुतेक भागात चर्चचा कारभार लॅन्डॅफच्या वेल्श बिशपकडे होता आणि तो बदलला नाही. या बिशपांचा वाडा चेपस्टोजवळ मॅथर्नला, म्हणजे मॉनमथशरमध्येच होता. सबंध बायबल वेल्श भाषेत आणून १५८८ मध्ये छापणारे विल्यम मॉर्गन पुढे लॅन्डॅफचे बिशप झाले आणि याच वाड्यात राहिले. वेल्श गद्याला ज्या ग्रंथाने घडवले त्याच्या कर्त्याचे घर ‘इंग्लिश’ म्हणवल्या जाणाऱ्या काउंटीत असावे, हे मला फार बोलके वाटते. इथे एक गोष्ट मान्य केली पाहिजे. बायबलच्या भाषांतराची जबाबदारी ज्या पाच बिशपांवर टाकली होती त्यांत हेरफर्डचा इंग्लिश बिशपही होता, कारण त्याच्याही काही गावांत वेल्श बोलली जाई. तेव्हा केवळ चर्चच्या पुराव्यावर निकाल देता येणार नाही. पण पुरावे एकमेकांना जोडले की चित्र स्पष्ट होते. १६३९ मध्ये वेल्समधली पहिली स्वतंत्र मंडळी, म्हणजे बिशपांची सत्ता न मानणाऱ्या प्रॉटेस्टंटांचा पहिला संघ, विल्यम रॉथ याने स्थापन केली ती मॉनमथशरमधल्या लॅनवॅकिस या खेड्यात. पुढच्या अडीचशे वर्षांत ज्या चॅपल-संस्कृतीने वेल्श समाजाला वाचायला, गायला आणि संघटित व्हायला शिकवले, तिचे मूळ या काउंटीत आहे. वेल्श इतिहास सांगताना हे पान काढून इंग्लंडच्या इतिहासात लावायचे म्हटले तर ते लागतच नाही.

एकोणिसाव्या शतकात अ‍ॅबरगॅव्हेनीजवळच्या लॅनओव्हरला ऑगस्टा हॉल, म्हणजे लेडी लॅनओव्हर, यांनी जे उभे केले तेही असेच. त्या मूळच्या इंग्लिश घराण्यातल्या. पण त्यांनी वेल्श शिकून घेतली, आपल्या जमिनीवर वेल्श बोलणारी कुळे ठेवली, तारांच्या तीन रांगा असलेल्या जुन्या वेल्श हार्पला आश्रय दिला आणि वेल्श बायकांच्या पोशाखाचा कैवार घेतला. उंच काळी टोपी आणि लाल शाल घातलेली जी वेल्श बाई आज जगभर ओळखली जाते, तो पोशाख राष्ट्रीय म्हणून प्रतिष्ठित होण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. अ‍ॅबरगॅव्हेनीला १८३३ मध्ये स्थापन झालेल्या वेल्श मंडळाच्या आयस्टेडफॉडांची, म्हणजे काव्य-संगीताच्या स्पर्धा-उत्सवांची, युरोपातले भाषापंडितही दखल घेत होते. आणि सरकारचे काय म्हणणे होते? १८४७ मध्ये वेल्समधल्या शिक्षणाची पाहणी करणारा तो कुप्रसिद्ध अहवाल आला. निळ्या बांधणीच्या त्या खंडांत वेल्श भाषेला आणि वेल्श माणसाच्या नीतीला नावे ठेवलेली होती. त्या पाहणीत मॉनमथशर समाविष्ट होती. वेल्श लोकांचे दोष मोजायचे झाले तेव्हा ही काउंटी वेल्समध्ये आहे याबद्दल कोणत्याही अधिकाऱ्याला शंका आली नाही.

पश्चिमेकडच्या खोऱ्यांत या वेळी वेगळेच जग उभे राहिले होते. इथल्या डोंगरात लोहखनिज, कोळसा आणि चुनखडी एकमेकांना लागून सापडत. ब्लेनॅव्हनचा लोखंडाचा कारखाना १७८९ मध्ये धडधडू लागला. ट्रेडीगर, एबू व्हेल, रिम्नी ही नावे मागोमाग आली. १८०१ मध्ये सुमारे ४५ हजार वस्तीची ही काउंटी १९०१ पर्यंत जवळजवळ तीन लाखांवर गेली, आणि ही वाढ मुख्यतः पश्चिमेत आणि न्यूपोर्ट बंदरात झाली. ब्लेनॅव्हनला १८३९ मध्ये बांधलेला पाण्याच्या वजनावर चालणारा उद्वाहक-मनोरा अजून उभा आहे. वरच्या पिंजऱ्याखालची टाकी पाण्याने भरायची, ती जड होऊन खाली यायची आणि दोरखंडाच्या दुसऱ्या टोकाचा पिंजरा लोखंडाच्या वाघिणीसकट वर चढायचा. टाकी खाली रिकामी केली की तोच खेळ उलटा. वाफेचे इंजिन नाही, कोळशाचा खर्च नाही. याच गावात १८७० च्या दशकाच्या अखेरीस सिडनी गिलख्रिस्ट टॉमस आणि त्यांचे मामेभाऊ पर्सी गिलख्रिस्ट यांनी फॉस्फरसयुक्त लोखंडापासून चांगले पोलाद करण्याची रीत सिद्ध केली. भट्टीला चुनखडीच्या जातीचे अस्तर दिले की फॉस्फरस मळीत निघून जातो, हे तिचे मर्म. या शोधामुळे जर्मनीतली आणि अमेरिकेतली तोवर निरुपयोगी ठरलेली खनिजे कामाची झाली. ब्लेनॅव्हनच्या या औद्योगिक परिसराला २००० साली युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला.

याच खोऱ्यांतून ३ नोव्हेंबर १८३९ च्या रात्री, मुसळधार पावसात, हजारो खाणकामगार आणि लोहार न्यूपोर्टकडे निघाले. ते चार्टिस्ट होते. प्रत्येक प्रौढ पुरुषाला मत आणि गुप्त मतदान या त्यांच्या मुख्य मागण्या. न्यूपोर्टचे माजी महापौर, कापडाचे व्यापारी जॉन फ्रॉस्ट त्यांच्या पुढाऱ्यांत होते. ४ तारखेला सकाळी वेस्टगेट हॉटेलात दबा धरलेल्या सैनिकांनी गोळ्या झाडल्या आणि जेमतेम अर्ध्या तासात सुमारे बावीस माणसे मेली. पुढाऱ्यांवर खटला चालला तो पूर्वेकडच्या मॉनमथ गावात. फ्रॉस्ट आणि त्यांच्या दोन साथीदारांना फाशी देऊन देहाचे तुकडे करण्याची शिक्षा झाली; पुढे ती बदलून त्यांना टास्मानियाला हद्दपार करण्यात आले. मॉनमथशरचे खरे विभाजन या घटनेत दिसते. पूर्वेला जमीनदार, बाजारपेठांची गावे आणि वायच्या काठाने निसर्ग पाहत होडीतून जाणारे हौशी प्रवासी, ज्यांना विल्यम गिल्पिन यांच्या १७८२ च्या पुस्तकाने टिंटर्न मठाचे भग्नावशेष कसे पाहावेत ते शिकवले होते. पश्चिमेला कोळसा, भट्ट्या, चॅपल आणि संघटना. (टिंटर्नलाही सोळाव्या शतकापासून तारेचे कारखाने होते, हे त्या प्रवासवर्णनांतून सहसा निसटते.) फूट होती ती या दोन जगांमध्ये. तिच्यावर इंग्लिश-वेल्श असा शिक्का मारल्याने ती समजत नाही.

आता आक्षेप पाहू. पहिला भाषेचा. १९०१ च्या जनगणनेत मॉनमथशरमध्ये वेल्श बोलणारे सुमारे १३ टक्केच होते, त्याच वेळी सबंध वेल्समध्ये ते निम्म्याच्या आसपास होते. मग ही काउंटी वेल्श कशी? उत्तर शेजारीच सापडते. रॅडनॉरशरमध्ये वेल्श बोलणाऱ्यांचे प्रमाण याहूनही कमी होते. दक्षिण पेम्ब्रोकशरमध्ये बाराव्या शतकापासून इंग्लिश बोलली जाते. त्या दोन्ही वेल्समध्ये आहेत याबद्दल कोणी वाद घातला नाही, कारण १५४३ च्या यादीत त्यांची नावे होती. म्हणजे भाषा हा निकष नव्हताच. यादीमुळे आधी शंका घेतली गेली आणि तिच्या समर्थनासाठी मागाहून भाषा पुढे केली गेली. शिवाय जनगणनेत वेल्श येते का हा प्रश्न १८९१ पासून मॉनमथशरच्या घरोघरी विचारला जात होता, तोच प्रश्न पलीकडच्या हेरफर्डशरमध्ये विचारला जात नव्हता. इंग्लंडमधून कामासाठी आलेल्या लोकांचेही तसेच. असे लोक ग्लॅमॉर्गनलाही लाखांनी गेले आणि कार्डिफ त्यांनीच भरले. त्याच कार्डिफला १९५५ मध्ये वेल्सची राजधानी घोषित केले गेले.

दुसरा आक्षेप कायद्याचा, आणि तो अधिक वजनदार आहे. १८८१ मध्ये वेल्समध्ये रविवारी दारूची दुकाने बंद ठेवणारा कायदा झाला. अनेक शतकांत प्रथमच पार्लमेंटने वेल्सला वेगळे मानून केलेला हा कायदा. त्यातून मॉनमथशर वगळली गेली. त्यामुळे रविवारी रिम्नी नदीच्या ग्लॅमॉर्गनच्या काठावर गुत्ते बंद आणि मॉनमथशरच्या काठावर उघडे. १९२१ च्या कायद्याने हा फरक मिटवला. १९३३ च्या स्थानिक स्वराज्याच्या कायद्यानेही तिला इंग्लिश काउंट्यांच्या यादीत घातले. पण दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही पाहा. १८८९ चा वेल्समधल्या माध्यमिक शिक्षणाचा कायदा मॉनमथशरला लागू होता. इंग्लिश चर्चची वेल्समधली अधिकृत जागा काढून घेणारा १९१४ चा कायदा तिला लागू होता. तो १९२० मध्ये अमलात आला आणि लगेच पुढच्या वर्षी नव्या वेल्श चर्चने मॉनमथला स्वतंत्र बिशपही दिला. दक्षिण वेल्सच्या खाणकामगारांची १८९८ ची संघटना रिम्नी नदीपाशी थांबली नाही. वेल्सचा पहिला आंतरराष्ट्रीय रग्बी सामना १८८१ मध्ये जुळवून आणला तो न्यूपोर्ट क्लबचे चिटणीस रिचर्ड मुलॉक यांनी. कायदे कधी इकडे, कधी तिकडे झुकले, कारण प्रत्येक वेळी मसुदा करणाऱ्याने आपल्या कामापुरता विचार केला. लोकांच्या स्वतःच्या संस्था मात्र, चॅपल असो, संघटना असो की खेळ, सातत्याने एकाच बाजूला राहिल्या. एखादी वस्ती कोणत्या देशाची हे ठरवताना मी या दुसऱ्या प्रकारच्या पुराव्याला जास्त मोल देतो.

तिसरा आक्षेप लोकमताचा. जानेवारी १८९६ मध्ये न्यूपोर्टच्या सभेत तरुण खासदार लॉइड जॉर्ज यांची वेल्श स्वराज्याची चळवळ अडवली गेली, त्यांना बोलूही दिले नाही. ट्रेडीगरला जन्मलेले आणि १९२९ पासून मरेपर्यंत एबू व्हेलचे खासदार असलेले अ‍ॅन्यूरिन बेव्हन यांना वेल्सचे प्रश्न वेगळे मानणे पसंत नव्हते. वेल्श मेंढी आणि इंग्लिश मेंढी यांत फरक कुठला, असा त्यांच्या १९४४ च्या भाषणाचा आशय होता. २०११ च्या सार्वमतात वेल्सच्या २२ विभागांपैकी एकट्या मॉनमथशरने वेल्श विधानसभेच्या अधिक अधिकारांना नकार दिला, तोही अवघ्या ३२० मतांनी. हे सगळे खरे आहे. पण १८९६ ला विरोध करणारे पुढारी न्यूपोर्टपुरते नव्हते. कार्डिफपासून स्वान्सीपर्यंतच्या सबंध व्यापारी किनाऱ्याचे ते मत होते. १९९७ च्या सार्वमतात स्वतः कार्डिफने वेल्श विधानसभेला बहुमताने नकार दिला, तर जुन्या मॉनमथशरच्या पश्चिमेतल्या ब्लेनाय ग्वेंटने होकार. बेव्हन वेल्श माणूसच होते. त्यांनी १९४८ मध्ये राष्ट्रीय आरोग्यसेवा उभी केली तेव्हा डोळ्यांसमोर ट्रेडीगरची कामगार वैद्यकीय सोसायटी होती, जिथे मजुरीतून कापलेल्या पैशांवर जवळजवळ सारे गाव औषधपाणी घेई. कार्डिफला किती सत्ता असावी हा एक प्रश्न आणि आपण कोण हा दुसरा. पहिल्याला नाही म्हणणारा दुसऱ्याचे उत्तर देत नसतो. दुसरा प्रश्न मतपेटीसमोर थेट आला तो २००७ मध्ये, मॉनमथशर इंग्लंडमध्ये जावी असे म्हणणाऱ्या इंग्लिश डेमोक्रॅट्स पक्षाने इथे उमेदवार उभे केले तेव्हा. त्यांना तीन टक्केही मते मिळाली नाहीत.

माझ्या मताची एक मर्यादा मात्र सांगितली पाहिजे. कागद चारशे वर्षे टिकला की तो थोडेफार वास्तव घडवतोच. ऑक्सफर्डच्या न्याय-मंडळामुळे मॉनमथचे वकील आणि जमीनदार हेरफर्ड, ग्लॉस्टरकडे तोंड करून वाढले. इंग्लिश कारभाराची सवय पूर्वेकडच्या गावांत खोल रुजली आणि तिथल्या आजच्या मतदानातही ती थोडी दिसते. ही काउंटी वायव्य वेल्समधल्या अँग्लसीइतकीच वेल्श आहे असे माझे म्हणणे नाही. वेल्स एकसारखा कधीच नव्हता, आणि मॉनमथशर त्याच्या अनेक रूपांपैकी एक आहे, एवढेच माझे म्हणणे आहे.

कायद्याने हा घोळ १९७२ मध्ये मिटवला. १ एप्रिल १९७४ पासून जुनी काउंटी मोडून थोड्याफार फरकाने तिच्याच हद्दीत ग्वेंट ही नवी काउंटी आली, आणि ग्वेंट वेल्समध्ये आहे असे स्पष्ट लिहिले गेले. जोडनावाची गरज संपली. १९९६ च्या फेररचनेत ग्वेंटही मोडली आणि मॉनमथशर हे नाव परत आले, पण अर्धवट. आजच्या मॉनमथशरमध्ये मॉनमथ, चेपस्टो, अ‍ॅबरगॅव्हेनी, अस्क ही पूर्वेकडची गावे आहेत. न्यूपोर्ट वेगळे, ब्लेनॅव्हन टॉरफाइनमध्ये, ट्रेडीगर आणि एबू व्हेल ब्लेनाय ग्वेंटमध्ये, रिम्नी कारफिलीमध्ये. म्हणून चार्टिस्टांची, पोलादाची किंवा बेव्हन यांची मॉनमथशर ज्यांना पाहायची असेल त्यांनी आजच्या मॉनमथशरच्या नकाशावर भिस्त ठेवू नये. ती जवळजवळ सगळी ठिकाणे त्याच्या हद्दीबाहेर, पश्चिमेच्या खोऱ्यांत आणि न्यूपोर्टला आहेत.